पेटीतले दिवस कोणाच्या खात्यात?

शाखेच्या बैठकीत विषयपत्रिकेवरचे सगळे विषय संपले होते. क्वार्टर्सची गळती झाली, रात्रपाळी भत्त्याची थकबाकी झाली, बदल्यांचा घोळ झाला. अध्यक्षांनी ‘आयत्या वेळचे विषय’ पुकारले तेव्हा मागच्या बाकावरचा आरएमएसमधला एक सॉर्टिंग असिस्टंट उठला. एरवी कधी न बोलणारा माणूस. म्हणाला, “माझी मुलगी चौथीत आहे. रात्री पाढा पाठ करते आणि सकाळी विसरते. ती तिसाव्या आठवड्यात झाली होती, दीड महिना पेटीत होती. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? आणि असला तर आपली युनियन त्याबद्दल काही करते का?”

दोघे-तिघे हसले. एकजण म्हणाला, “आता पाढेही युनियननेच पाठ करून घ्यायचे का?” आणि बैठक चहासाठी उठली.

आम्ही त्या बैठकीत होतो आणि आम्हीही गप्प बसलो, हे आधी कबूल करतो. त्या साथीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याला तेव्हाच मिळायला हवी होती, ती आज देत आहोत. संबंध आहे. आणि युनियनने काहीही केलेले नाही.

बाळ पोटात साधारण ४० आठवडे राहते. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मले तर वैद्यकीय भाषेत ते अकाली जन्मलेले. आपल्या घरांत त्याला ‘अपुऱ्या दिवसांचे’ म्हणतात, आणि सातव्या महिन्याचे जगते पण आठव्या महिन्याचे जगत नाही असले काहीतरी वर सांगतात. ते साफ खोटे आहे. प्रत्येक जादा आठवड्याने जगण्याची शक्यता वाढतेच. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात १ कोटी ३४ लाख बाळे अशी अकाली जन्मली. त्यांतली सुमारे ३० लाख एकट्या भारतात, आणि हा आकडा जगात सर्वांत मोठा. तेव्हा ज्या साथीला वाटते की हा एखाद्या दुर्दैवी घराचा प्रश्न आहे, त्याने आपल्याच चाळीतली, आपल्याच कॉलनीतली घरे मोजून पाहावीत.

पूर्वी ही बाळे जात. आज त्यांतली बरीच वाचतात आणि त्याचे श्रेय डॉक्टर, परिचारिका व यंत्रे यांना मनापासून दिले पाहिजे. पण आपल्याकडे एक विचित्र समजूत आहे. बाळ पेटीतून बाहेर आले, वजन दोन किलोच्या वर गेले, पेढे वाटले की प्रकरण मिटले. प्रशासनाची फाईल तिथे बंद होते, दवाखान्याची होते आणि आपलीही होते. खरा हिशेब मात्र सहा-सात वर्षांनी, पहिली-दुसरीच्या वर्गात सुरू होतो. तेव्हा त्याचा जन्माशी संबंध लावायला कोणी शिल्लक उरलेले नसते.

हा संबंध कसा असतो ते थोडक्यात सांगतो. गर्भाच्या मेंदूची सर्वांत वेगाची वाढ शेवटच्या दहा-बारा आठवड्यांत होते. ३४व्या आठवड्याला मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते. मेंदूच्या पृष्ठभागाच्या घड्या याच काळात पडतात, आणि एका भागातून दुसऱ्या भागाकडे निरोप नेणाऱ्या तंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी याच काळात तयार होत असतात. या पेशी नाजूक असतात. प्राणवायू कमी-जास्त झाला, जंतुसंसर्ग झाला की आधी त्यांना इजा होते. रेल्वेच्या माणसाला समजेल असे सांगायचे तर स्टेशने सगळी बांधलेली असतात, पण मधली लाईन घाईने टाकलेली असते. गाडी पोहोचते, पण सावकाश, आणि एकाच वेळी चार गाड्या सोडल्या तर खोळंबा होतो.

शाळेत हे दिसते ते असे. मूल बोलते चांगले, गोष्ट सांगते चांगली, कित्येकदा वाचतेही चांगले. पण बाईंनी एका दमात तीन सूचना दिल्या, “वही काढा, पान चाळीस उघडा, तिसरे गणित करा”, तर पहिलीच लक्षात राहते. फळ्यावरचे उतरवून घेईपर्यंत फळा पुसला जातो. हातचा घेताना मधला आकडा निसटतो. गणित सर्वांत जास्त अडते, कारण त्यात आकडे डोक्यात धरून ठेवायचे, त्यांच्यावर क्रिया करायची आणि जागाही चुकू द्यायची नाही, अशी तिन्ही कामे एकदम असतात. शास्त्रज्ञ याला कार्यस्मृती, प्रक्रियेचा वेग आणि अवधान अशी नावे देतात. आणि या मुलांचे लक्ष उडते ते दंगा करून उडत नाही. ती शांत बसून खिडकीबाहेर पाहतात. दंगेखोर पोराकडे मास्तरांचे लक्ष जाते, शांत बसलेल्याकडे कोण पाहतो? प्रगतिपुस्तकावर ‘आळशी’, ‘लक्ष देत नाही’, ‘प्रयत्न वाढवावेत’ असे शेरे येतात. घरी बाप थकून येतो, शेरा वाचतो आणि पट्टा काढतो. साथींनो, हे आपल्याच घरांत होते. ते आपण रंगवून सांगू नये आणि लपवूही नये.

आता पुरावा. अमेरिकेच्या एका प्रतिष्ठित वैद्यकीय मासिकात २००२ मध्ये पंधरा अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. शाळकरी वयात अकाली जन्मलेल्या मुलांची बुद्धिमापनातली सरासरी पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा सुमारे ११ गुणांनी कमी आढळली. २०१८ मध्ये याहून मोठा आढावा झाला. त्यात १९९० ते २००८ या काळात ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेली मुले होती. फरक सुमारे १३ गुणांचा निघाला, आणि सर्वांत लागणारी गोष्ट ही की त्या अठरा वर्षांत हा फरक कमी झालेला दिसला नाही. यंत्रे सुधारली, जीव जास्त वाचले, पण वाचलेल्या जिवाचे पुढे काय याकडे कोणी तितक्या जोमाने पाहिले नाही.

कोणी म्हणेल, या परदेशातल्या गोष्टी झाल्या. मग पुण्याचे घ्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा केला, आणि तो थेट अठराव्या वर्षापर्यंत केला. बाराव्या वर्षी त्या मुलांची सरासरी सुमारे ९० निघाली, तुलनेसाठी घेतलेल्या मुलांची सुमारे ९७. म्हणजे मतिमंद वगैरे काही नाही, सरासरी सर्वसाधारण कक्षेतच होती, पण मागे होती. आणि जी बाळे अकालीही जन्मली व आठवड्यांच्या मानाने वजनातही कमी भरली, त्यांची सर्वांत मागे. हा अभ्यास वजनावर आधारलेला होता, त्यामुळे त्यात पूर्ण दिवसांची पण किरकोळ बाळेही होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही आपल्या मातीतला, मराठी घरांतला, इतक्या चिकाटीने केलेला पाठपुरावा देशात विरळा आहे. आपल्यातल्या किती शाखा-सचिवांना तो माहीत आहे? आम्हालाही त्या बैठकीनंतर शोधल्यावरच कळला.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९९५ साली पंचविसाव्या आठवड्यापर्यंतच जन्मलेल्या बाळांचा असाच अभ्यास झाला. सहाव्या वर्षी त्यांना छापील कोष्टकाने मोजले तर पाचांत एक मूल बरेच मागे दिसले. त्यांच्याच वर्गातल्या मुलांशी तुलना केली तेव्हा पाचांत दोन दिसली. मोजपट्टी जुनी असली की नुकसान अर्धे दिसते, हे महागाई निर्देशांकाशी आयुष्यभर झगडलेल्या आपल्या माणसांना वेगळे समजावून सांगायला नको.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो, कारण हा लेख वाचून एखादी आई रात्रभर रडेल अशी आम्हाला भीती वाटते. हे सगळे आकडे सरासरीचे आहेत. अकाली जन्मलेल्या बाळांपैकी बहुतांश बत्तिसाव्या आठवड्यानंतरची असतात आणि त्यांतली बरीचशी शाळेत कोणाच्या लक्षातही न येता चांगली चालतात. अठ्ठाविसाव्या आठवड्याचे मूलही इंजिनिअर होते. अकाली जन्म म्हणजे कपाळावरचा लेख नव्हे. सिग्नल पिवळा आहे, एवढाच त्याचा अर्थ. पिवळ्या सिग्नलला गाडी बंद करत नाहीत, पण डोळे मिटून पुढेही जात नाहीत. आणि आईने जड उचलले, ग्रहणात बाहेर गेली, म्हणून असे झाले हे घरातले टोमणे तर ताबडतोब बंद झाले पाहिजेत. रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळे, रक्तक्षय, लागोपाठची बाळंतपणे अशी कारणे असतात आणि कित्येकदा कारण सापडतही नाही.

जाता जाता आणखी एक. स्कॉटलंडमध्ये चार लाखांहून अधिक शाळकरी मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शाळेत विशेष मदत लागण्याचा धोका ३७ आठवड्यांना एकदम थांबत नाही, तो ४० आठवड्यांपर्यंत पायरीपायरीने कमी होत जातो. ३७ ते ३९ आठवड्यांत जन्मलेल्या एकेका मुलाचा धोका थोडाच जास्त, पण अशी मुले संख्येने इतकी की मदत लागणाऱ्यांत त्यांचा वाटा अकाली जन्मलेल्यांपेक्षाही मोठा भरला. तेव्हा वैद्यकीय गरज नसताना मुहूर्त पाहून, नाहीतर डॉक्टरांच्या सोयीने, ३९ आठवड्यांच्या आत सिझेरियनची तारीख घेणाऱ्यांनी दोनदा विचार करावा. पंचांगाला मेंदूची वाढ कळत नाही.

आता आपल्या मूळ भांडणाकडे येतो, म्हणजे रजेकडे.

केंद्र सरकारच्या नियमित महिला कर्मचाऱ्याला १८० दिवसांची प्रसूती रजा आहे. सहाव्या वेतन आयोगानंतर, १ सप्टेंबर २००८ पासून ती मिळाली, आणि ती लढून मिळवली याचा आपल्याला अभिमान आहे. पण हिशेब करून पाहा. बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मले म्हणजे १२ आठवडे, ८४ दिवस आधी आले. रजा जन्माच्या दिवसापासून धावू लागली. ८४ दिवस संपतात तेव्हा बाळ जेमतेम त्या टप्प्याला येते जिथे दुसऱ्याचे बाळ जन्माला येते. उरले ९६ दिवस. रजा संपून आई टपाल कार्यालयाच्या खिडकीवर परत बसते तेव्हा शेजारणीचे बाळ सहा महिन्यांचे असते आणि हिचे, डॉक्टर ज्याला सुधारित वय म्हणतात त्याप्रमाणे, तीन महिन्यांचे. पोटातले उरलेले दिवस बाळाने पेटीत काढले, आणि ते दिवस प्रशासनाने आईच्या रजेतून वळते करून घेतले! जे बाळ सर्वांत अशक्त, त्याच्या वाट्याला सर्वांत कमी आई. हा नियम कोणी दुष्टाव्याने केलेला नाही, हे आम्ही मानतो. तो विचार न करता केलेला आहे, आणि विचार करून दाखवणे हे आपले काम होते.

या तक्रारीवर ठरलेले उत्तर मिळते. “मग बालसंगोपन रजा घ्या ना! ७३० दिवस दिले आहेत.” दिले आहेत, खरे आहे. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३६५ दिवस ८० टक्के. पण ती हक्क म्हणून मागता येत नाही, मंजूर करावी लागते, आणि मनुष्यबळ नाही म्हणून परत आलेले अर्ज आमच्या टेबलावर पडलेले आहेत. दुसरे म्हणजे ती पुरुषाला फक्त एकल पालक असेल तरच मिळते. आता आपल्या ट्रॅकमेंटेनरचे घर डोळ्यांपुढे आणा. बायको नोकरी करत नाही, ती दवाखान्यात बाळापाशी बसलेली. घरी मोठे मूल, सासू आजारी. नोकरी करतो तो हा. त्याला पितृत्व रजा १५ दिवस. बाळ पेटीत ४५ दिवस. सोळाव्या दिवशी तो कमरेला पाना लावून लाईनवर असतो आणि बाळाचे नळ्यांतून दूध चाललेले असते. एका साथीने अशा वेळी अर्जित रजा मागितली. साहेब म्हणाले, “बाळ दवाखान्यात आहे ना? मग सांभाळायला डॉक्टर आहेत. तुमचे तिथे काय काम?”

त्याचे तिथे काय काम ते सांगतो. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडू लागल्या तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायला सुरुवात केली. त्यालाच आज कांगारू पद्धत म्हणतात. पुढे याच शहरात, ज्यांना अशी ऊब मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही अशा दोन गटांतल्या मुलांना वीस वर्षांनी गाठून तपासले. ऊब मिळालेल्यांची शाळेतली गैरहजेरी कमी होती, अतिचंचलता आणि आक्रमकपणा कमी होता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच रुग्णालयांत झालेल्या चाचणीत तर जन्मल्याबरोबर कांगारू ऊब दिल्याने पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी झाले. आणि ही ऊब बापालाही देता येते. बापाच्या छातीला खर्च येत नाही, फक्त बाप तिथे हजर लागतो. साहेबांना आमचे हे उत्तर आहे.

कोणी म्हणेल, जन्माची रजा आणि चौथीतले पाढे यांचा मेळ तुम्ही ओढून-ताणून घालता. त्याला जर्मनीतल्या बव्हेरियातला पाठपुरावा दाखवतो. तिथे १९८५-८६ साली जन्मलेल्या मुलांना लहानपणापासून मोठेपणापर्यंत पाहिले गेले. फार अकाली जन्मलेल्या ज्या मुलांचे पालक सहाव्या वर्षी त्यांच्याबरोबर काम करताना संयमाने, त्यांच्या कलाने घेत होते, ती तेराव्या वर्षी शाळेत पूर्ण दिवसांच्या मुलांच्या बरोबरीला आली. म्हणजे संयमाला मोल आहे, ते मोजता येते. पण संयम काही आभाळातून पडत नाही. ‘ईआय’ वर्गात घालून बारा तासांच्या रोस्टरला बांधलेला गेटमन, रात्रीची गाडी करून सकाळी घरी येणारा लोको पायलट, सेक्शनमध्ये डुलक्या काढत पत्रे लावणारा सॉर्टर, यांनी संध्याकाळी मुलीजवळ बसून तिच्या कलाने पाढा शिकवायचा? कामाचे तास हा पगाराएवढाच मुलाच्या डोक्याचा प्रश्न आहे, हे आपण द्वारसभेत कधी बोललो का?

शाळेचीही गोष्ट अशीच. दोन वर्षांचे होईपर्यंत डॉक्टर सुधारित वय धरतात. पुढे ते विसरले जाते. केंद्रीय विद्यालयात पहिलीसाठी ३१ मार्चला सहा वर्षे पूर्ण लागतात. मे महिन्यात होणारे बाळ मार्चमध्ये झाले की ते एक वर्ष आधी शाळेत ढकलले जाते. पालकाला हे माहीत हवे आणि वर्ष निवडायची मुभाही हवी. मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की नुसते वर्ष मागे ठेवून काम होत नाही. त्याच बव्हेरियातल्या अभ्यासात उशिरा शाळेत घातलेल्या अकाली मुलांना त्याचा फायदा झालेला दिसला नाही. वर्ष वाढवून शिकवण्याची पद्धत तीच राहिली तर फक्त मूल मोठे होते. पद्धत बदलायला फारसे काही लागत नाही. पुढच्या बाकावर बसवा. एका वेळी एक सूचना द्या. फळ्यावरून उतरवायला लावण्याऐवजी कागद हातात द्या. हातचा डोक्यात ठेवायला न सांगता वर लिहू द्या. चिंचोके, मणी, माचिसच्या काड्या घेऊन बसा. वेळ थोडा जास्त द्या. त्या सॉर्टरच्या मुलीला आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने बाराचा पाढा जिन्याच्या पायऱ्यांवर चढून-उतरून शिकवला. आता ती तो विसरत नाही, मात्र तेराचा अजून अडतो.

असे सगळ्याच शाळा का करत नाहीत? कारण बाळ अकाली होते हे शाळेला कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. आणि सरकारकडे गेले तर दाखला मागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, त्याचे आम्ही स्वागत केले. आपल्या महाराष्ट्राने तर १९९६ पासूनच अशा मुलांना दहावीत सवलती दिल्या. पण २०१८ च्या केंद्राच्या सूचनांप्रमाणे अध्ययन अक्षमतेची तपासणी बुद्ध्यंक ८५ च्या वर असेल तरच पुढे जात असे. आणि बौद्धिक अक्षमता धरायची तर तो साधारण ७० च्या खाली हवा. मधले मूल? त्याचे दार कोणते? अकाली जन्मलेली कितीतरी मुले नेमकी या दोन दारांच्या मधल्या व्हरांड्यात उभी असतात. दाखला नाही म्हणून सवलत नाही. मुलांच्या शिक्षण भत्त्याची रक्कम १ जानेवारी २०२४ पासून दरमहा २८१२ रुपये ५० पैसे झाली आणि दिव्यांग मुलासाठी दुप्पट, ५६२५ रुपये. दाखला नाही म्हणून दुप्पट नाही. दिव्यांग पाल्य असलेल्या कर्मचाऱ्याला फिरत्या बदलीतून सूट देण्याचा आदेश २०१४ मध्ये निघाला, तिथेही दाखला हवा. तेव्हा आपला माणूस भुसावळहून इटारसीला, तिथून सिकंदराबादला जातो आणि जे मूल नव्या वर्गात बसायला आधीच सहा महिने घेते त्याची शाळा दर चार वर्षांनी बदलते. उलट पाचवी आणि आठवीत नापास करण्याची तरतूद डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या शाळांना पुन्हा लागू झाली. मदतीची दारे बंद आणि नापासाचे उघडे, असा हा न्याय आहे.

आमच्या नियमित साथींचे हे हाल, तर ग्रामीण डाकसेवकांचे काय? ते या रजा नियमांच्या बाहेर. ७३० दिवसांची रजा त्यांनी कागदावरच वाचायची. आणि स्टेशनवर झाडू मारणारी, डबे धुणारी ठेकेदाराकडची बाई? १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याच्या दहाव्या कलमात अकाली प्रसूतीमुळे येणाऱ्या आजारपणासाठी जास्तीत जास्त एक महिना जादा पगारी रजा होती आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली आहे. पण ती आईच्या आजारपणाला आहे. बाळ पेटीत आणि आई धडधाकट, तर कायद्याच्या लेखी काहीच झालेले नाही. शिवाय त्या बाईला हे कलम सांगणार कोण? ठेकेदार तर सांगणार नाही. सांगायचे आपण.

ब्रिटनने २०२३ मध्ये कायदा केला आणि ६ एप्रिल २०२५ पासून तो अमलात आला. जन्मापासून २८ दिवसांच्या आत बाळाला दवाखान्यात ठेवावे लागले आणि ते तिथे सलग सात दिवस किंवा अधिक राहिले, तर आई आणि बाप दोघांनाही नेहमीच्या रजेखेरीज बारा आठवड्यांपर्यंत जादा रजा. तिथले पगार आणि इथले पगार यांची तुलना आम्ही करत नाही. पण दिवस मोजण्याची रीत तरी घेता येते. आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये कार्मिक विभागाने बाळ दगावल्यास आईला ६० दिवसांची विशेष रजा दिली. योग्य केले. आमचा सवाल एवढाच की बाळ गेले तर रजा आणि बाळ झगडून जगले तर काहीच नाही, याला काय म्हणायचे?

“पैसा कुठून आणायचा?” हा प्रश्न येणारच. पेटीतले दिवस परत द्यायचे म्हणजे थोड्या घरांना काही आठवड्यांची रजा. रेल्वेच्या रोज धावणाऱ्या एवढ्या गाड्यांत तेवढी जागा निघणार नाही, असे ज्याला वाटते त्याने मंजूर पदे आणि रिकामी पदे यांचा तक्ता समोर ठेवून बोलावे.

प्रशासनावर बोट दाखवून आम्ही मोकळे होणार नाही. आठवा वेतन आयोग नोव्हेंबर २०२५ मध्ये नेमला गेला, न्या. रंजना देसाई त्याच्या अध्यक्ष. त्यासाठीच्या निवेदनांचे जे मसुदे आमच्या हाती आले त्यांत फिटमेंट आहे, पेन्शन आहे, भत्ते आहेत. पेटीतल्या बाळाबद्दल ओळ नाही. ती आम्हीही लिहिली नव्हती. महिला उपसमिती आहे ना, तिच्याकडे सोपवू, असे म्हणून आपण पुरुषांनी हा विषय कोपऱ्यात टाकला. त्या दिवशी उठून बोलणारा पुरुषच होता, हे विसरून.

म्हणून शाखांना विनंती अशी. मागण्यांच्या सनदेत ही कलमे घाला: बाळ अतिदक्षता विभागात जितके दिवस राहील तितके दिवस आईच्या रजेत जमा व्हावेत आणि तेवढ्या काळात बापालाही पगारी रजा मिळावी, बालसंगोपन रजा अशा बाळाच्या बापालाही मिळावी, मग तो एकल असो वा नसो, डाकसेवक आणि ठेका कामगारांना हेच लागू व्हावे, ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलाचा पालक प्राथमिक शाळा संपेपर्यंत फिरत्या बदलीतून वगळावा, दाखल्याशिवाय, जन्माच्या कागदावर. रेल्वे दवाखान्यांत आणि टपालवाल्यांच्या आरोग्य योजनेत अशा मुलाची पाचव्या-सहाव्या वर्षी, शाळेत जाण्याआधी, एकदा तरी नीट तपासणी व्हावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तिथे जायला पास आणि एका दिवसाची रजा, एवढे तरी आजच्या आज मागता येईल. आणि ज्यांच्या घरी अशी बाळे आत्ता आहेत त्यांनी जन्मापासून तीस दिवसांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा, कानांची तपासणी करून घ्यावी आणि दवाखान्यातून मिळालेला घरी सोडतानाचा कागद जपून ठेवावा. तो कागद पुढे दहा वर्षे लागतो.

प्रत्येक शाखेने एक साधी वही घालावी. रकाने पाच: बाळ कितव्या आठवड्यात झाले, वजन किती होते, किती दिवस पेटीत होते, आई-बापाला प्रत्यक्ष किती रजा मिळाली, आणि मूल आज कोणत्या इयत्तेत आहे व त्याला काय अडते. नावे लिहू नयेत. वह्या पुढच्या विभागीय बैठकीआधी कार्यालयात पोहोचाव्यात. त्या सॉर्टिंग असिस्टंटने आपल्या शाखेची वही स्वतः आखून आणली आहे आणि पहिल्या ओळीत तीस आठवडे, पंचेचाळीस दिवस, इयत्ता चौथी, तेराचा पाढा अशी नोंद केली आहे. तिच्याखाली आतापर्यंत अकरा ओळी भरल्या. त्यांतल्या दोन त्या दिवशी हसणाऱ्यांच्या घरच्या आहेत.